बसणं आणि जुळणं : इंजिन बदलताना संतुलन कुठे असतं?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण अवयव आणि अवयवी यांचा विचार केला. तंतू आणि पट, कपाल आणि घट ही न्याय-वैशेषिकांची ठरलेली उदाहरणं. त्यात एक नियम आला होता : कारणातले गुण कार्यात उतरतात. पांढऱ्या तंतूंचं कापड पांढरंच होणार. त्यावर प्रश्नोत्तरांत एका श्रोत्याने विचारलं, की सगळ्याच गुणांचं असं असतं का? त्या दिवशी वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही नुसतं ‘नाही’ म्हणून विषय मिटवला. आज त्याचं नीट उत्तर द्यायचं आहे. मात्र उदाहरण घटपटाचं घेणार नाही, मोटारीच्या इंजिनाचं घेणार आहोत. तुमच्यापैकी काहीजण हसतील. हसा. आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की आमची लेक मिशिगनमध्ये राहते. एका उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे होतो तेव्हा जावई आणि आमची सतरा वर्षांची नात गॅरेजमध्ये एका जुन्या गाडीचं इंजिन बदलत होते. गाडी १९६६ सालची फोर्ड मस्टँग, ऑटोमॅटिक गिअरची. तिचं मूळचं ‘२८९’ इंजिन पार थकलेलं. (हा आकडा घनइंचांचा.) त्याच्या जागी १९८० च्या दशकाच्या अखेरच्या मस्टँगचं ५ लिटरचं, म्हणजे ‘३०२’ इंजिन घालायचं होतं. दोन्ही आठ सिलिंडरची, दोन्ही एकाच घराण्यातली. अमेरिकेत हा बदल इतके लोक करतात, की त्यात काही अवघड असेल असं कुणाला वाटत नाही. नातीने दोन वर्षं सुट्टीत काम करून साठवलेले पैसे त्यात गेले होते, हे मुद्दाम सांगतो.

गाडीचा जुना गिअरबॉक्स तसाच ठेवायचा होता. आता इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांच्या मध्ये एक भाग असतो, फ्लेक्सप्लेट. जेवणाच्या मोठ्या ताटाएवढी पोलादी पातळ तबकडी. मधोमध सहा बोल्टांनी ती इंजिनाच्या क्रँकशाफ्टला जोडलेली, कडेच्या बाजूला टॉर्क कन्व्हर्टरला जोडलेली, आणि परिघावर दाते, ज्यात स्टार्टरचं चाक अडकतं. हाताच्या गिअरच्या गाडीत या ठिकाणी जाडजूड फ्लायव्हील असतं. जुन्या गिअरबॉक्सचं पुढचं कवच लहान, त्यात १५७ दात्यांचीच प्लेट मावते. नव्या इंजिनाबरोबर आलेली प्लेट १६४ दात्यांची, मोठी. मग जावयांनी सरळ जुन्या इंजिनाची प्लेट काढून नव्याला लावली. सहाच्या सहा बोल्ट बरोबर बसले. इंजिनाच्या पुढच्या टोकालाही तेच केलं. तिथे डॅम्पर नावाचं एक चाक असतं, त्यावर पट्ट्यांच्या पुल्या बसतात. जुन्या पुल्यांना तीन बोल्ट, नव्या डॅम्परला चार भोकं. म्हणून डॅम्परही जुनाच चढवला. तोही छान बसला. इंजिन विकणाऱ्याने सांगितलंच होतं, की काळजी करू नका, सगळं बसतं. तो खोटं बोलला नव्हता.

आता थोडं इंजिनात उतरू. क्रँकशाफ्ट हा वेडावाकडा दांडा. त्याच्या बाहेर काढलेल्या गुडघ्यांना कनेक्टिंग रॉड, आणि रॉडच्या दुसऱ्या टोकाला पिस्टन. दांडा फिरतो तेव्हा हे सगळं वजन एका बाजूला ओढतं. वॉशिंग मशिनमध्ये ओली चादर एका कडेला गोळा झाली की मशिन कसं नाचत नाचत भिंतीपाशी जातं, तसंच. म्हणून क्रँकवर गुडघ्यांच्या उलट बाजूला लोखंडाचे पंखे ठेवतात. त्यांना काउंटरवेट म्हणतात. आठ सिलिंडरच्या या रचनेत फिरणारं वजन पूर्ण आणि वरखाली होणारं वजन निम्मं धरून ते काउंटरवेट ठरवतात. हे गणित आपण इथेच सोडू.

प्रश्न असा येतो, की या काउंटरवेटना पुरेशी जागा नसेल तर? किंवा कंपनीला क्रँक हलका करायचा असेल तर? तेव्हा कमी पडलेलं वजन बाहेर ठेवतात. थोडं पुढच्या टोकाला डॅम्परवर, थोडं मागच्या टोकाला फ्लेक्सप्लेटवर किंवा फ्लायव्हीलवर. ज्या इंजिनाचा तोल क्रँकवरच पुरा होतो ते आतून तोललेलं, आणि ज्याचा तोल असा बाहेर पुरा करावा लागतो ते बाहेरून तोललेलं. आपल्याकडच्या चार सिलिंडरच्या साध्या गाड्यांत तोल सहसा आतच पुरा होतो. त्यामुळे आपल्या मेकॅनिक मंडळींना हा प्रश्न फारसा पडत नाही.

बाहेर ठेवलेलं वजन मोजायचं कसं? नुसते ग्रॅम सांगून भागत नाही, कारण तेच वजन केंद्रापासून लांब ठेवलं तर जास्त ओढतं. म्हणून वजन गुणिले अंतर. अमेरिकेत ते औंस-इंचांत सांगतात. आता नीट ऐका. फोर्डच्या या घराण्यात १९६० आणि ७० च्या दशकांतली २८९ आणि ३०२ इंजिनं २८ औंस-इंचांची. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३०२ चा क्रँक हलका झाला, आणि तेव्हापासून तेच ३०२ झालं ५० औंस-इंचांचं. नाव तेच, घनइंच तेच, बोल्टांची भोकं तीच. याच घराण्यातलं थोरलं ३५१ मात्र २८ वरच राहिलं.

म्हणजे आमच्या नातीच्या इंजिनात क्रँक मागत होता ५० आणि दोन्ही टोकांना मिळत होते २८. तूट प्रत्येक टोकाला २२ औंस-इंचांची. केंद्रापासून सहा इंचांवर धरलं तर हे सुमारे १०४ ग्रॅम होतात. अंगाच्या साबणाची एक वडी. एवढ्याने काय होतं, असं कुणालाही वाटेल.

पण फिरणाऱ्या वजनाची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, ओढ चौपट. इंजिन जागेवर ७५० फेऱ्यांवर गुरगुरत असतं तेव्हा ही साबणाची वडी सुमारे १० किलोंनी ओढते. १५०० फेऱ्यांवर ४०. ३००० वर १६०. आणि ५००० फेऱ्यांवर सुमारे ४४० किलो, तेही मिनिटाला पाच हजार वेळा दिशा बदलत. बरं, पुढचं आणि मागचं वजन साधारण एकमेकांच्या उलट बाजूंना असतं. त्यामुळे अख्खं इंजिन एकदम उडत नाही, ते कावडीसारखं हलतं : एक टोक वर तर दुसरं खाली. आणि कुणी म्हणालं, की निदान एक टोक तरी ५० चं लावू, निम्मं काम होईल, तर तसं होत नाही. कावडीतली एकच घागर भरल्यासारखं ते होतं. दोन्ही टोकं एकदम जुळवावी लागतात.

इथे एक गोष्ट आम्हाला फार विचार करायला लावून गेली. या इंजिनबदलात आणखी एक सापळा होता, आणि तो बापलेकीने बरोबर ओळखला. जुन्या इंजिनात सिलिंडर पेटण्याचा क्रम १-५-४-२-६-३-७-८, आणि या नव्या प्रकारच्या ५ लिटरच्या इंजिनात १-३-७-२-६-५-४-८. ठिणगीच्या वायरी जुन्या क्रमाने लावल्या तर इंजिन नीट चालतच नाही, फटाफट आवाज करतं, खोकतं. चूक तिथल्या तिथे ओरडते. तोलाची चूक तशी ओरडत नाही. सुरू केल्यावर इंजिन चाललं, छान चाललं. जरासा कंप होता. जावई म्हणाले, इंजिनाखालची रबरं नवी आहेत, बसतील हळूहळू. आम्हीही मान हलवली. दहा किलोंची ओढ रबरं सहज गिळतात.

हमरस्त्यावर मात्र आरशातली मागची गाडी धूसर दिसायला लागली. मग चाकं तपासली, मागचा लांब दांडा तपासला. त्या वेळी नातीने जे केलं ते आम्हाला आवडलं. गाडी उभी करून, गिअर न टाकता तिने इंजिनाचा वेग वाढवला. कंप तसाच. म्हणजे चाकं आणि मागचा दांडा सुटले. मग प्लेटचे आणि कन्व्हर्टरचे बोल्ट काढून, कन्व्हर्टर मागे सरकवून नुसतं इंजिन चालवलं. कंप तसाच. म्हणजे कन्व्हर्टरही सुटला. अन्वय-व्यतिरेक आम्ही चाळीस वर्षं फळ्यावर शिकवला, तिने तो पाना हातात घेऊन केला. तिने इंजिनाकडे बोट दाखवलं तेव्हा बाप म्हणाला, “इंजिन विकत घेतलंय ते चांगलं आहे.” आणि तेही खरंच होतं. त्याने बोल्ट परत आवळले. गाडी आणखी काही आठवडे तशीच चालली. मग एक दिवस खालून टकटक ऐकू यायला लागली. बेअरिंग गेलं, असंच सगळ्यांना वाटलं. खोलून पाहिलं तर फ्लेक्सप्लेटला क्रँकच्या बोल्टांभोवती तडे गेलेले. तडकलेली प्लेट अगदी अशीच टकटक करते. ती पूर्ण सुटली असती तर आतला गिअरबॉक्सचा पुढचा भाग गेलाच असता. आणखी काही महिने गेले असते तर क्रँकच्या मुख्य बेअरिंगांवरही आलं असतं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. या कथेत खराब भाग कोणता? इंजिन चांगलं. जुनी प्लेट बसवली तेव्हा धडधाकट. डॅम्पर धडधाकट. प्रत्येक भाग एकेकटा तपासला तर निर्दोष. उलट बाजूने पाहा : योग्य प्लेट कोणती? जिच्या एका बाजूला वजनाचा तुकडा चिकटवलेला आहे, जी एकटी फिरवली तर जोरात हलेल, ती. ५० औंस-इंचांची प्लेट स्वतः असंतुलित आहे, म्हणूनच त्या इंजिनाला योग्य आहे. एखाद्या भाबड्या कारागिराने ती यंत्रावर चढवून ‘नीट’ शून्यावर आणून दिली, तर त्याने ती बिघडवली. तशी शून्याची प्लेट त्या इंजिनाला लावली तर ५००० फेऱ्यांवर मागच्या टोकाला ओढ होते सुमारे एक टन. तेव्हा पांढऱ्या तंतूंचं पांढरं कापड हा नियम इथे लागत नाही. संतुलित भागांचं संतुलित इंजिन होईलच असं नाही. संतुलन हा अवयवीचा गुण आहे, तो अवयवात शोधला की हाती लागत नाही. वैशेषिकांनाही हा नियम सरसकट नाही हे माहीत होतं. परिमाणाच्या बाबतीत त्यांनी अपवाद केलाच आहे : त्र्यणुकाचं मोठेपण ते घटकांच्या परिमाणातून काढत नाहीत, घटकांच्या संख्येतून काढतात. बौद्ध म्हणतील, की अवयवी म्हणून वेगळं काही नाहीच, भागांची मांडणी तेवढी आहे. हरकत नाही. मांडणी म्हटलं तरी आपला मुद्दा तसाच राहतो. एकट्या भागात तो गुण सापडत नाही.

आणि भोकं? भोकं काय सांगतात? फोर्डच्या या प्लेटच्या सहा भोकांपैकी एक मुद्दाम किंचित सरकवलेलं असतं, म्हणजे प्लेट एकाच दिशेने बसावी, वजन भलत्या बाजूला जाऊ नये. बनवणाऱ्याने दिशेची चूक अशक्य करून ठेवली. पण २८ आणि ५० ची भोकं सारखीच ठेवली, त्यामुळे मापाची चूक सहज शक्य झाली. आम्हाला हे थोडं रागाचंच वाटतं. शेव्हरोलेने १९८६ मध्ये आपल्या लहान आठ सिलिंडरच्या इंजिनाचं मागचं तेलसील बदललं, आणि क्रँकच्या मागच्या चकतीवर जे थोडं वजन असायचं ते फ्लेक्सप्लेटवर नेलं. पण त्याबरोबर बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आला. त्यामुळे जुनी प्लेट नव्याला लागतच नाही. चूक करायची म्हटली तरी होत नाही. त्याच शेव्हरोलेचं १९७० चं ‘४००’ मात्र उलट. त्याचा स्ट्रोक ३.७५ इंच, आत जागा अपुरी, म्हणून ते दोन्ही टोकांना बाहेरून तोललेलं. त्या काळच्या ‘३५०’ चा स्ट्रोक ३.४८, ते आतून तोललेलं. आणि दोघांची बोल्टांची जागा एकच. किती जणांनी ४०० ची प्लेट ३५० ला लावली असेल!

क्रायस्लरची तऱ्हा आणखी निराळी. त्यांचं ३१८ आतून तोललेलं, ३६० बाहेरून. पण ३६० चं मागचं वजन प्लेटवर नसतं, टॉर्क कन्व्हर्टरवर जोडलेलं असतं. म्हणजे इंजिनाचा तोल गिअरबॉक्सच्या सामानात ठेवलेला! ३१८ काढून ३६० घालणारा माणूस जुना गिअरबॉक्स आणि कन्व्हर्टर तसाच ठेवतो, आणि मग इंजिनाला दोष देत बसतो. अशा वेळी कन्व्हर्टर बदलावा, नाहीतर वजन असलेली वेगळी प्लेट मिळते ती घ्यावी. इथे नातीची ती कन्व्हर्टर सोडवून इंजिन चालवण्याची परीक्षाही फसवी ठरेल, कारण ३६० चा कन्व्हर्टर बाजूला केला की असलेला तोलही गेला.

ओळखायचं कसं, हे विचाराल. इंजिनावरच्या आकड्यावर विसंबू नये. जुन्या इंजिनात आधीच्या मालकाने क्रँक बदललेला असू शकतो. स्ट्रोक वाढवलेले बाजारी क्रँक तर २८ चे, ५० चे, शून्याचे असे सगळे मिळतात. इंजिन पुन्हा बांधलेलं असेल तर बांधणाऱ्याकडून कागद मागावा : क्रँक कशावर तोलला आहे, आणि प्लेट-डॅम्पर चढवून तोलला आहे का? तसं असेल तर तेच दोन भाग त्या इंजिनाचे झाले, ते त्याच्याबरोबरच यायला हवेत. कागद नसेल तर तोलयंत्र असलेल्या कारखान्यात जावं.

प्लेट मात्र घरीही मोजता येते. नातीने मोजली. प्लेटच्या मधल्या भोकात घट्ट बसेल अशी लाकडी चकती, चकतीच्या मध्यातून सरळ गोल सळई, आणि सळईची दोन टोकं पाणसळीने सपाट केलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांच्या धारेवर. प्लेट आपोआप फिरून जड बाजू खाली घेते. मग बरोबर उलट बाजूला, केंद्रापासून सहा इंचांवर लोहचुंबक चिकटवत जायचं, प्लेट कोणत्याही स्थितीत स्थिर राहीपर्यंत. शेवटी ते चुंबक स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचे. जुन्या, तडकलेल्या प्लेटला लागले १३० ग्रॅमच्या आसपास. २८ औंस-इंचांचे सहा इंचांवर १३२ ग्रॅम होतात. मग १६४ दात्यांची ती बाजूला ठेवलेली प्लेट तशीच तोलली, तिला लागले २३५ च्या आसपास. ५० चे होतात २३६. दोन्ही आकडे वहीत लिहून तिने ती वही बापापुढे ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी दाते मोजले, वजन मोजलंच नाही.”

पुढचं काम सोपं होतं. १५७ दात्यांची ५० ची प्लेट, आणि तीन बोल्टांच्या पुल्या घेणारा ५० चा डॅम्पर, हे दोन्ही खास याच बदलासाठी बाजारात मिळतात. घेताना कन्व्हर्टरच्या बोल्टांची जागाही ताडून पाहिली. दोन्ही एकदम बसवले. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला, पुढचं तेलसील नवं घालावं लागलं, नातीचा एक महिन्याचा पगार गेला. क्रँकची बेअरिंगं उघडून पाहिली, ती वाचली होती. आरशात आता मागच्या गाडीची पाटी वाचता येते.

जुनं २८९ अजून गॅरेजच्या कोपऱ्यात उभं आहे, कधीतरी दुरुस्त करायचं म्हणून. त्याचा डॅम्पर त्याला परत चढवलाय. प्लेट तडकली म्हणून भंगारात दिली, पण जिथे ती बसायची तिथे नातीने तारेने एक चिठ्ठी बांधून ठेवलीय : याला २८.